शिंगे, घोंगडी आणि नावांचा घोळ

दर आठवड्याला या सदरात मी कुठल्या ना कुठल्या शब्दाची कुळकथा सांगत बसतो, हे वाचकांना ठाऊकच आहे. दिवाळी अंकात जागा ऐसपैस मिळते आणि वाचकही फराळाची बशी शेजारी घेऊन जरा सैलावून बसलेला असतो. तेव्हा या खेपेस शब्द मोठा घेतला आहे. अक्षरांनी मोठा, असे नाही. अक्षरे दोनच: मांटा. पण ज्या प्राण्याचा हा शब्द आहे तो दोन्ही पंख पसरून आपल्या घरात आडवा झाला, तर चाळीतल्या एकापुढे एक अशा दोन्ही खोल्या अडतील आणि शेजाऱ्यांना गॅलरीतून वळसा घालून जावे लागेल. त्याच्यातल्या थोरल्या जातीची रुंदी सात मीटरांपर्यंत, म्हणजे तेवीस फुटांच्या घरात जाते आणि वजन दोन टनांपर्यंत सांगतात.

मांटा हा मासा आहे. पण पापलेट, सुरमई, बांगडा यांच्या पंक्तीला तो बसत नाही, कारण त्याच्या अंगात हाड म्हणून नाही. मुशीचा, म्हणजे शार्कचा, जसा सगळा सांगाडा कूर्चेचा, तसाच याचाही. आपल्या नाकाच्या शेंड्याला बोटाने दाबले तर जे लवचीक लागते, ते द्रव्य कूर्चा. मुशी आणि हा एकाच घराण्यातले; फरक ओळखायची खूण सोपी आहे. कल्ल्यांच्या फटी मानेच्या बाजूला असल्या तर मुशी, पोटाकडच्या अंगाला असल्या तर पाकट. मुंबईचे कोळी ज्याला पाकट म्हणतात त्यालाच मालवणकडे वागळी म्हणतात. चपटे अंग, दोन्ही बाजूंना पसरलेले पर आणि मागे चाबकासारखी शेपटी. पाकटाच्या शेपटीतल्या काट्याने किती कोळ्यांचे पाय सुजले असतील त्याची मोजदाद नाही. हा वागळी शब्द वाघळाशी, म्हणजे वटवाघळाशी नाते सांगतो असे माझ्या कानाला तरी वाटते. आणि मासा एकदा पाण्यात पोहताना पाहिला की कानाला डोळाही दुजोरा देतो.

तर मांटा म्हणजे आपल्या या वागळीचा दूरचा, पण फार मोठा झालेला भाऊबंद. साधी पाकटे समुद्राच्या तळाशी वाळूत अंग पुरून बसतात, शिंपले-खेकडे खातात, म्हणून त्यांचे तोंड खाली, पोटाकडे. त्यांच्याच घराण्यातली एक शाखा केव्हा तरी तळ सोडून खुल्या पाण्यात आली. तिने बसणे सोडले, पोहणे धरले. पर लांबट, टोकदार झाले आणि पोहणे म्हणजे पाण्यात उडणेच झाले. मांटाचे तोंड तर सरकत सरकत अगदी पुढे, दोन डोळ्यांच्या मध्ये आले. एवढे रुंद तोंड, पण दात नुसते खालच्या जबड्यात, आणि तेही कांदेपोह्यांच्या कामाला येणार नाहीत इतके बारीक. शेपटी आहे, पण साध्या पाकटाचा तो काटा नाही. थोरल्या मांटाच्या शेपटीच्या मुळाशी एक गाठ तेवढी उरली आहे, वाड्यातल्या जुन्या तलवारीच्या नुसत्या खुंटीसारखी.

आणि तोंडाच्या दोन बाजूंना दोन शिंगे. सगळा घोळ या शिंगांनी केला.

जहाजावरून किंवा होडीतून पाहणाऱ्याला काय दिसे? काळे, घरभर मोठे असे काही तरी पृष्ठभागाखालून सरकत येते आहे, पुढे दोन शिंगे आहेत, मधूनच ते अख्खे पाण्याबाहेर उसळी घेते आणि तोफ उडाल्यासारखा आवाज करून आपटते. कधी नांगराचा दोर त्या शिंगांत अडकतो आणि नांगरलेली होडी आपोआप चालू लागते. या गोष्टी घडतात, कुणी रचलेल्या नाहीत. मग माणूस त्याला सैतान म्हणेल नाही तर काय? इंग्रजी खलाशी त्याला समुद्रातला सैतान म्हणू लागले. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी त्यातल्या त्यात घरगुती शब्द काढला. मांटा म्हणजे घोंगडी, पांघरूण. पण ही घोंगडीही प्रेमाने पांघरलेली नव्हती बरे! मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांना भीती अशी की हा मासा वरून येऊन अंगावर पडतो आणि गुंडाळून जीव घेतो.

पंडितांनी तरी शांतपणे पाहावे? त्यांनीही खलाशांचीच री ओढली. अमेरिकेत सॅम्युएल मिचिल नावाच्या विद्वानाने 1824 साली एका प्रचंड मांटाचे वर्णन छापले आणि त्याला नाव दिले व्हॅम्पायरस, म्हणजे रक्त पिणारे भूत. नाव ठेवणाऱ्यांत कुणी त्याचा डायाबोलिक्थिस, म्हणजे सैतानमासा केला. कुणी डीमोमांटा, म्हणजे राक्षसमांटा. एकाच प्राण्याला वेगवेगळ्या बंदरांत वेगवेगळ्या माणसांनी पाहायचे, प्रत्येकाने नवा शोध लागला असे समजून बारसे करायचे, असा प्रकार शंभर वर्षे चालला. नावांचा ढीग झाला. एवढा मोठा मासा संग्रहालयात जपून ठेवणे कठीण, त्यामुळे ताडून पाहायला नमुना क्वचितच हाती असे. बरेच काम चित्रावर आणि ऐकीव माहितीवर.

आता ही शिंगे काय आहेत ते सांगतो. ती त्याच्या पंखांचाच पुढचा भाग आहेत. पंखाचा कडेचा तुकडा सुटा होऊन तोंडापाशी आला. पोहताना मासा ते वर्तमानपत्राच्या सुरळीसारखे गुंडाळून पुढे ठेवतो, तेव्हा शिंग दिसते. खायची वेळ झाली की सुरळी उलगडते आणि दोन चपटे हात तोंडाकडे पाणी लोटू लागतात. आपण पंगतीत ओंजळ पुढे करतो ना, तसे. आणि त्या ओंजळीत घेतो काय, तर पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, लहान झिंग्यासारखे किडे, माशांची अंडी. पाणबुड्याला गिळायला त्याचा घसाच तयार नाही. ज्याला सैतान म्हणून ओरडत होतो तो समुद्रातला माधुकरी मागणारा निघाला.

ते सूक्ष्म अन्न तो गाळतो कसे, याचीही मोठी मौज आहे. कल्ल्यांत पानापानांच्या चाळण्या असतात. आमच्या स्वयंपाकघरात चहाची गाळणी चार दिवसांत चोथ्याने बुजते आणि सौभाग्यवतींच्या तोंडून माझा उद्धार होतो, कारण ती आपटून साफ करण्याचे खाते माझ्याकडे. मांटाची गाळणी बुजत नाही. शिवाय तिच्या फटींपेक्षा लहान असलेले कणही ती अडवते. 2018 साली संशोधकांनी याचा उलगडा केला: पाणी त्या पानांवरून वळून फटीत शिरते, तिथे भोवरा होतो, आणि अन्नाचा कण पानावर आदळून कॅरमच्या सोंगटीसारखा उसळतो तो पुढे घशाकडे जातो. पाणी बाहेर, अन्न आत. या चाळण्यांची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे लागणार आहे.

नावांकडे परत येऊ. शास्त्रीय नावाची रीत अशी की पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी आणि नाव मागून. आणि नियम असा की एकाच प्राण्याला दोन नावे पडली तर जे आधी छापले गेले ते खरे. जर्मनीतल्या ल्यूबेकचे वैद्य वाल्बाउम यांनी 1792 साली आपल्या माशाला बायरोस्ट्रिस म्हणजे दोन चोचींचा असे नाव दिले. जमेकात वैद्यकी करणाऱ्या बँक्रॉफ्टसाहेबांनी 1829 मध्ये खलाशांचा तो घोंगडी शब्दच उचलून शास्त्रात आणला, आणि मांटा हे आडनाव झाले. दरम्यान याचेच लहान भाऊबंद, तशाच शिंगांचे पण तोंड किंचित खाली असलेले, रफिनेस्क नावाच्या अवलियाने 1810 मध्येच मोब्युला या आडनावाखाली घातले होते. म्हणजे दोन बिऱ्हाडे झाली: मोठ्या तोंडाचे मांटा आणि लहानखुरे मोब्युला.

मध्येच एक गोष्ट आपल्या मुंबईची. 1868 मध्ये इंग्लंडच्या राणीचा दुसरा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड ऑस्ट्रेलियात होता. सिडनीजवळ एका वनभोजनात त्याच्यावर गोळी झाडली गेली, तो बचावला. त्याच वर्षी तिथल्या संग्रहालयाचे प्रमुख क्रेफ्ट यांनी एका मांटाला त्याचे नाव दिले, आल्फ्रेडी. पुढे 1870 मध्ये हाच राजपुत्र मुंबईस आला, आणि त्या भेटीच्या स्मरणार्थ कुलाब्याच्या तोंडाशी खलाशांसाठी जे विश्रामगृह बांधले ते रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. पुढे अनेक वर्षे आपले विधिमंडळ त्याच वास्तूत भरत असे. आता तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. रीगलवरून जाताना ती दगडी इमारत दिसली की मला एकदम मासा आठवतो, याला माझा इलाज नाही.

तर हा आल्फ्रेडी मासा पंडितांनी लवकरच निकालात काढला. म्हणाले, मांटा तो मांटाच. जगभर एकच जात. विसाव्या शतकातले बहुतेक ग्रंथ तेच सांगत राहिले. पण पुढे माणूस श्वासाची नळकांडी पाठीला बांधून पाण्याखाली जाऊ लागला, तेव्हा दृश्य पालटले. वरून काळी सावली दिसणाऱ्या माशाचे पोट पांढरे आहे, त्यावर काळे ठिपके आहेत, आणि ते प्रत्येकाचे निराळे आहेत, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. फोटो काढून ठेवले तर दहा वर्षांनीही अमुक मासा तोच, हे सांगता येते. मोझांबिकच्या किनाऱ्यावर अँड्रिया मार्शल या बाईंनी वर्षानुवर्षे असे मासे ओळखून ठेवले, आणि त्यांच्या लक्षात येत गेले की इथे दोन तऱ्हा आहेत. 2009 साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह मांटाच्या दोन जाती वेगळ्या मांडल्या. क्रेफ्टचा आल्फ्रेडी 141 वर्षांनी पुन्हा आपल्या नावाने उभा राहिला.

फरक कुणालाही कळेल असा आहे. दोघांच्याही काळ्या पाठीवर खांद्यापाशी दोन पांढरे पट्टे असतात. थोरल्या बायरोस्ट्रिसमध्ये त्यांच्या मधली काळी जागा इंग्रजी 'टी' अक्षरासारखी सरळ दिसते, धाकट्या आल्फ्रेडीमध्ये 'वाय'सारखी. थोरल्याचे तोंड आतून-बाहेरून काळसर, धाकट्याचे फिकट. थोरल्याच्या पोटावरचे ठिपके खाली शेपटीकडे गोळा झालेले. धाकट्याचे कल्ल्यांच्या फटींच्या मध्येही पसरलेले. थोरला खुल्या समुद्रातला प्रवासी, धाकटा प्रवाळखडकांच्या आसपास घर करून राहणारा. काही अगदी काळेकुट्टही निघतात, पण त्यांची वेगळी जात नव्हे; भावंडांत एखादे सावळे असावे तसे. तिसरीही एक जात अटलांटिकमध्ये असावी, असा संशय 2009 मध्येच व्यक्त झाला होता. 2025 मध्ये तीही रीतसर जाहीर झाली. तिच्या खांद्यावरचे पांढरे 'व्ही'सारखे. नाव यारे. ब्राझीलच्या आदिवासी कथांतली यारा ही जलसुंदरी. राक्षस, भूत, सैतान असे सगळे झाल्यावर या कुळात पहिल्यांदाच एक सुंदरी आली, हे मला आवडले.

इथे माझ्या मनात प्रश्न आला आणि तो मी आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मित्रासमोर ठेवला. म्हटले, "अहो, ठिपके मोजून जाती वाढवता, उद्या त्या पुन्हा कमी करता, आमच्या व्याकरणकारांत आणि तुमच्यात फरक तो काय?" ते चहा ढवळत म्हणाले, "सर, तुमचा शब्द चुकीच्या धातूवरून साधला तर फार तर एका परीक्षकाचा रक्तदाब वाढतो. आमचे नाव चुकले तर मासा संपतो."

मी ते अतिशयोक्ती समजून सोडून देणार होतो. त्यांनी सोडू दिले नाही.

गेल्या काही दशकांत मांटा आणि त्याच्या भाऊबंदांच्या त्या कल्ल्यांतल्या चाळण्यांना बाजार आला. वाळवून त्या चीनमध्ये, विशेषतः क्वांगचौच्या पेठेत, काढ्यासाठी विकल्या जातात. गाळणारा अवयव खाल्ला की रक्तही गाळले जाईल, असा त्यामागचा तर्क. गुण आल्याचा पुरावा काही नाही. मासे पकडले जातात ते श्रीलंका, इंडोनेशिया आणि आपल्या भारताच्या किनाऱ्यांवर, पुष्कळदा दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत. पूर्वी असा मासा जाळ्यात आला की कोळी कपाळाला हात लावी. आता चाळण्यांना भाव आल्यावर तो सोडून देण्याला कारण उरले नाही. आणि मांटाची मादी बांगड्यासारखी लाखांनी अंडी टाकत नाही. गर्भ वर्षभर पोटात वाढतो, एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, आणि पुढच्यासाठी दोन-तीन वर्षे किंवा त्याहून अधिक जातात. जपानमध्ये ओकिनावाच्या मत्स्यालयात 2007 साली असे एक पिल्लू जन्मले. ही पिल्ले बाहेर पडतात ती पंख गुंडाळून, सुरळीच्या वडीसारखी, आणि पाण्यात आल्याबरोबर उलगडून पोहू लागतात. जन्मतःच चार-साडेचार फूट रुंद! एवढ्या थाटाने, एवढ्या सावकाश येणारी पिढी कुठल्याही बाजाराला पुरणार नाही.

आता नावाचा संबंध पाहा. जगभर एकच मांटा आहे असे मानले, तर इथे कमी झाला तरी तिथे आहे, असे म्हणून हात झटकता येतात. दोन आहेत, तीन आहेत म्हटले की प्रत्येकाची शिरगणती वेगळी करावी लागते, आणि मग पोट खपाटीला गेलेले दिसते. कायदाही नावावरच चालतो. 2013 साली बँकॉकला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांटाच्या व्यापारावर निर्बंध आले. पण ते मांटा या आडनावावर. चाळणी वाळून पोत्यात गेली की ती मांटाची की मोब्युलाची, हे बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याने कसे ओळखावे? तो काही माझ्या मित्राकडे शिकलेला नसतो. शेवटी 2016 मध्ये जोहान्सबर्गला मोब्युलाचा सगळा गोतावळा यादीत आला. आणि बरे झाले, तो वेळेवर आला. कारण 2017 साली आनुवंशिक द्रव्य तपासून पाहणाऱ्यांनी जाहीर केले की मांटा हे वेगळे बिऱ्हाड नव्हेच. मांटाचे जवळचे नातलग मोब्युलाच्याच घरात आहेत. एकाच आजोबांच्या नातवंडांपैकी काहींना एक आडनाव आणि त्यांच्याच सख्ख्या चुलत भावांना दुसरे, असे शास्त्रात चालत नाही. आडनाव एकच ठेवायचे, तर जुने ठेवायचे. 1810 आधी, 1829 मागून. मांटा हे आडनाव शास्त्रातून गेले. आता तो मोब्युला बायरोस्ट्रिस. बोलण्यात मात्र सगळे मांटाच म्हणतात, जसे आपण अजून व्ही. टी. म्हणतो.

आजच्या हिशेबाने या घरात दहा जाती आहेत. सगळ्यांची हजेरी घेत नाही. एक चिलीच्या तारापाका प्रांताचे नाव लावते आणि दोन किलोमीटरांच्या आसपास खोल, बर्फगार अंधारात बुडी मारते. एक मुंकियाना, ती कॅलिफोर्नियाच्या आखातात थव्यांनी हवेत उड्या घेते. इतक्या उंच का उडते ते तिलाच ठाऊक. आणि एक थर्स्टनी. हे थर्स्टनसाहेब मद्रासच्या संग्रहालयाचे अधीक्षक, दक्षिणेतल्या जातीजमातींवर सात खंड लिहिणारे. माणसांची नाके मोजून त्यांचे वर्ग पाडण्याचा त्यांना छंद. त्यांनी माणसांच्या ज्या जाती लिहिल्या त्यांचे पुढे काय झाले, हा निराळा आणि कडवट विषय आहे. माशाने बिचाऱ्याने त्यांचे नाव निमूट वागवले आहे.

पण माझी लाडकी जात वेगळी. पॅट्रिक रसेल हे कंपनीचे वैद्य. घोणस सापाला इंग्रजीत ज्यांचे नाव आहे तेच. विशाखापट्टणला असताना त्यांनी दोनशे माशांची चित्रे आणि वर्णने जमवली, ती 1803 साली छापली. त्यांनी एक मोठे शहाणपण केले: प्रत्येक माशाचे बारसे स्वतः न करता किनाऱ्यावरच्या लोकांना विचारले आणि ते जे म्हणाले ते जसे ऐकू आले तसे लिहिले. त्यांच्या पाकटांच्या नावांमागे टेंकी, टेंकी असे येत राहते. तेलुगू कोळ्यांचा तो पाकटाला शब्द. शिंगवाल्या एका लहान पाकटाला ते लोक म्हणाले एरेगूडू टेंकी. 1849 मध्ये कँटर नावाच्या दुसऱ्या एका वैद्याने तेच नाव उचलून शास्त्रात घातले. 2017 च्या उलथापालथीत पंडितांनी ते दुसऱ्या जातीत बुडवले. पण पुन्हा मोजमापे घेतली तेव्हा त्याची शिंगे खरोखरच लांब निघाली, आणि दोन-तीन वर्षांत ते नाव परत वर आले. मोब्युला एरेगूडू. रोममध्ये, सिडनीत, टोकियोत आज विद्वान हा शब्द जमेल तसा उच्चारतात, आणि आंध्रच्या वाळूवर जाळे सुकवणाऱ्या कुणा माणसाचा आवाज दोनशे वर्षांनंतर त्यांच्या जिभेवर अडखळतो.

रसेलसाहेबांची नेमणूक विशाखापट्टणऐवजी मालवणला झाली असती, तर त्या जागी वागळी असते. मी हे मित्राला बोलून दाखवले. ते म्हणाले, "त्यात काय, अजून एखादी नवी सापडेल." तेव्हापासून मी मालवणच्या एका विद्यार्थ्याला सांगून ठेवले आहे: सुट्टीत घरी गेलास की बंदरावर येणारी वागळी नीट पाहा, खांद्यावरचा पांढरा पट्टा कसा आहे ते पाहा, पोटाचा फोटो काढ, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिला काय काय म्हणतात ते विचारून वहीत लिहून आण. चार नावे आली आहेत. त्यांतली दोन मी कुठल्याही कोशात पाहिलेली नाहीत.